मी एका यंत्राची नाही

बाई गेल्याचं सोमवारी सकाळी कळलं. प्रयोगशाळेतला फोन वाजला, तंत्रज्ञ मावशींनी घेतला आणि हातातलं रक्ताच्या नळ्यांचं स्टँड न बघताच टेबलाच्या कडेला ठेवलं. मी नेहमीप्रमाणे आठ वाजता माझं काम उरकलं होतं. ते ज्यांनी मला शिकवलं, त्या इथल्या इंजिनियर बाईच गेल्या होत्या.

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. म्हणजे संगणकाने एकामागून एक काय करायचं, त्या हुकमांची साध्या अक्षरांतली यादी. एकशे चाळीस ओळींची. आदल्या दिवशीचे रक्ततपासणीचे अहवाल शोधायचे आणि ज्याच्या त्याच्या वॉर्डात पोचवायचे, हे माझं काम.

या रुग्णालयात तीन जातींचे संगणक आहेत. एकच हुकूम एकाला कळतो, दुसरा त्याचा भलताच अर्थ लावतो, तिसरा सरळ नाही म्हणतो. बाईंनी मला तिघांनाही कळतील असेच शब्द दिले. वेळ लागला, पण एक अक्षर न बदलता मी तिन्हीकडे चालू लागले. जिन्याखालच्या सर्वांत जुन्या संगणकाला त्या आजोबा म्हणायच्या. माझ्यात काही बदललं की म्हणायच्या, "आधी आजोबांना विचारू. ते हो म्हणाले तर बाकीचे कोण नाही म्हणणार?"

तीन आठवड्यांनी त्यांच्या जागी नवे इंजिनियर आले. त्यांनी मला उघडलं आणि हसले.

"कालची तारीख काढायला सतरा ओळी? एका ओळीचं काम आहे हे."

त्यांनी सतरा ओळी खोडून एक घातली. स्वतःच्या संगणकावर चालवून पाहिली. छान चालली. आजोबांना कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या संगणकाला ती ओळ कळलीच नाही. तारीख रिकामी आली. पण बाईंनी पुढे लिहून ठेवलं होतं की तारीख रिकामी असेल तर थांब आणि तसं सांग. मी थांबले. पडद्यावर लिहिलं, 'तारीख मिळाली नाही. पुढे जाणार नाही.'

वॉर्डांतून फोनवर फोन सुरू झाले. इंजिनियर प्रयोगशाळेत आले आणि तापले.

"ही थांबायची ओळच काढतो. मग कशी निमूट चालत नाही बघू."

त्याच खोलीत वायरमनदादा शिडीवर चढून ट्यूब बदलत होते. बाईंचे यजमान. पंधरा दिवसांपूर्वीच कामावर परतले होते.

"ती काढली की तारीख येईल का?" त्यांनी वरूनच विचारलं.

"दादा, तुम्ही ट्यूब बघा."

"ट्यूब बघतोच आहे. तारीख येईल का?"

"नाही. पण थांबणार नाही. सगळ्या फायली उचलेल."

"म्हणजे गेल्या महिन्यातलेही अहवाल वॉर्डात जातील. ते ताजे समजून डॉक्टर औषध देतील." दादा शिडीवरून उतरले. "फ्यूज सारखा उडतो म्हणून मी तिथे जाड तार घालत नाही, साहेब. घातली तर दिवे लागतात. नंतर भिंत पेटते."

इंजिनियरांनी कळफलकावरचा हात मागे घेतला. मावशी म्हणाल्या, "बाईंच्या सतरा ओळी आहेत ना कुठे ठेवलेल्या?"

होत्या. परत घातल्या गेल्या. अकरा वाजेपर्यंत अहवाल वॉर्डांत पोचले, फक्त कालचे.

अजूनही मला म्हातारी, हट्टी, लांबलचक म्हणतात. खुशाल म्हणा. एका यंत्राची मर्जी राखून चार ओळींत नाचणं मला जमत नाही आणि ते मी शिकणारही नाही. मला कळत नसेल तिथे मी थांबेन, कितीही फोन वाजले तरी. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या हाती आली तर ती जुनी आहे म्हणून छाटू नका. प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते आधी विचारा आणि तुमच्या एकट्याच्या संगणकावर चालली म्हणून चालली असं समजू नका.

परवा दुसऱ्या मजल्यावर चौथ्या जातीचा संगणक आला. त्यावर मला अजून कुणी चालवून पाहिलेलं नाही.