मोहरी देणारं घर

भांडुपच्या टेकडीवर आमची वस्ती, सगळी बौद्धांची. माझा नवरा धोंडिराम तिथला बौद्धाचार्य, म्हणजे लग्न-मर्तिकाचे विधी करणारा. दिवसा कारखान्यात हेल्पर, संध्याकाळी पांढरा सदरा घालून धम्म सांगणार. मर्तिकाला यांची गोष्ट ठरलेली. किसा गोतमीचं मूल मेलं, ती बुद्धांकडे औषध मागायला गेली. बुद्ध म्हणाले, जिथं कधी कुणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरली आणि मरण कुणालाच चुकत नाही हे तिला उमगलं. वीस वर्षं ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

चौऱ्याऐंशी साली शेजारच्या चंपाचा सुगत जुलाबानं गेला. दोन वर्षांचा. चंपा जेवेना, बोलेना. तिसऱ्या दिवशी यांनी तिला गोष्ट सांगितली, पण तिचं डोकं ठिकाणावर कुठं होतं? ती तडक उठली आणि पहिल्या दारात जाऊन उभी राहिली. "तुमच्यात कोण मेलंय काय?"

"अहो, अडवा तिला," मी म्हटलं.

"हिंडू दे गं. आपोआप समजेल."

चार दिवस ती हिंडली. आधी आमची वस्ती, मग खालच्या कोकणी मराठ्यांच्या चाळी. कुणी पाणी दिलं, कुणी सुतकातली बाई म्हणून दार लावून घेतलं. मोहरी द्यायला बरेच तयार, पण प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी गेलेलं. संध्याकाळी ती रिकाम्या हातानं परतायची आणि जराशी शांत दिसायची. हे खूश. मला मेलीलाही ते पटायला लागलं.

पाचव्या दिवशी ती धावतच आली. ओंजळीत मोहरी.

"काका, गावलं घर! मुलुंडला नवीन बिल्डिंग झालीय ना, तिथं. नवराबायको परवाच राहायला आलेत. ती बाई म्हणाली, या घरात अजून कोणीच मेलं नाही. आता सुगतला उठवा."

यांचा चेहरा उतरला. "चंपा, घर म्हणजे भिंती नव्हेत गं. त्यांचेही आजे-पणजे..."

"तुम्ही घर म्हणालात. मी शोधलं."

काहीतरी सांगा, खोटं सांगा, आजचा दिवस निभवा, असं मला ओरडावंसं वाटलं. पण लोकांकडून पंचशील म्हणवून घेणारा माणूस, खोटं कसं बोलणार?

"तो नाही यायचा, चंपा," हे म्हणाले. "मला ठाऊक होतं. सांगतानाच ठाऊक होतं."

ती रडली नाही. "मग मला इतके दिवस का हिंडवलंत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुला पण ठाऊक होतं ना, काकी?"

लाजेनं मला मान वर करवेना.

"होतं गं," मी म्हटलं.