बसवनगुडीतलं किमान तापमान

उतारवयात माणसाने काहीतरी हिरवं वाढवावं, एकटेपणावर दुसरं औषध नाही. डॉक्टरांनी विश्वेश्वररावांना हे सांगितलं, तेव्हा दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या मनीप्लँटवर बोटभर धूळ होती.

तरी त्यांनी बी पेरलं. पण ते डॉक्टरांमुळे नव्हे, मनस्विनीमुळे. मुलगी सहा वर्षं इंग्लंडात. आई गेल्यापासून तिचा दर रविवारी फोन, नऊ मिनिटं. सप्टेंबरात तिनं फॉक्सग्लव्हच्या बियांचं पाकीट धाडलं. "बाबा, उभ्या दांड्याला जांभळ्या घंटांसारखी फुलं येतात. फुलली की मी बघायला येते. शब्द!"

छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला माणूस शब्दाला धरून चालतो. आलेल्या भेटीची किंमत पाहू नये, हा घरचा रिवाज; म्हणून पाकिटाच्या तळाशी छापलेल्या किमतीवर त्यांनी न बघताच गोंदानं कागद चिकटवला. वरच्या सूचना मात्र पाठ केल्या. बी धुळीइतकं बारीक. मातीत पुरायचं नाही, वर नुसतं भुरभुरायचं. अठराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. त्या रविवारी फोन अकरा मिनिटं चालला.

पुढची सूचना : हिम पडण्याचा धोका टळल्यावरच रोपं बाहेर न्यावीत. बंगळूरच्या बसवनगुडीत हिम पडल्याचं कुणाच्या आठवणीत नाही, पण नियम तो नियम. विश्वेश्वरराव रोज सकाळी डायरीत किमान तापमान लिहू लागले. सोळा. पंधरा. सोळा. जानेवारी सरल्यावर त्यांनी धोका टळल्याचं मोठ्यानं जाहीर केलं. ऐकायला घरात कोणी नव्हतं.

मग रोपांना बाहेरची सवय. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन. ट्रे अंगणात ठेवून ते शेजारी खुर्ची टाकून बसत. शेजारच्या चंद्राबाई मूळच्या निपाणीच्या. त्या कंपाउंडवरून डोकावल्या.

"अण्णा, पोरं फिरायला काढली व्हय?"

"सवय लावतोय. स्वल्प स्वल्प."

"आमच्याकडं तंबाखूच्या रोपांचं पाणी तोडत्यात. चार दिसांत टणक. खायचं हाय का हे?"

"विषारी आहे."

"मग एवढं लाड कशापायी?"

"मुलगी येणार आहे."

"सरी, बरं," चंद्राबाई म्हणाल्या आणि आत वळल्या.

दहाव्या दिवशी त्यांनी रोपं भिंतीच्या सावलीत लावली. एप्रिलही त्यांनी काढला. पानं हातभर झाली, लोकरीसारखी मऊ. दांडा मात्र नाही.

मेमधल्या एका रविवारी मनस्विनी म्हणाली, "बाबा, सुट्टी टाकू का? की फुलल्यावरच?"

फुलं गेली खड्ड्यात, तू ये, हे अगदी ओठावर आलं होतं.

"फुलल्यावरच," ते म्हणाले. "ठरलंय ना आपलं."

"बरं मग. कळवा."

सहा मिनिटं.

त्यांनी पाकीट शोधलं, ओल्या बोटानं कागद सोडवला, भिंग धरलं. किमतीखाली दोन ओळी होत्या. फुले दुसऱ्या वर्षी येतात. त्याआधी रोपांना कडाक्याचा हिवाळा मिळणे आवश्यक.

त्या सकाळचं किमान तापमान डायरीत लिहायचं राहिलं होतं. बावीस.