पुढची जोडी, मागची जोडी

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या बाबतीत बैलाच्या जागी जीप होती, आणि ती रिकामी नव्हती, झेंडूनं काठोकाठ भरलेली होती. तरीही ती म्हण शालिकराम माळ्यासाठी, म्हणजे माझ्यासाठीच केली असावी, असं आमच्या गावाचं ठाम मत आहे. गावाशी मी एरवी कशावरूनही भांडतो. या गोष्टीवरून भांडत नाही.

दुसरं महायुद्ध संपलं आणि सरकारनं फौजेच्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या. अकोटच्या बाजूला तेव्हा जिनिंगवाले शेठ सोडले तर कोणाच्या दारात मोटार नव्हती. माझा एक मळा, त्यात झेंडू, शेवंती आणि वांगी. वांग्यांना मोटारीची गरज नसते. पण लिलावात माझा हात वर गेला आणि तो खाली यायच्या आत जीप माझी झाली. बायकोनं, जयवंतानं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "इले चारा नाई लागत, हे बरं हाये. पन हे लागवडीत कामाची हाये का काई?"

"हिची चारही चाकं ओढतात," मी म्हणालो. "साध्या मोटारीची दोनच ओढतात."

हे खरं होतं. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक लहान दांडा होता. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही कामाला लागायची. मी तो दांडा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो. पाहुणा चहा पिऊन उठायच्या आत त्याला दांडा दाखवून व्हायचा.

गाडी चांगली होती, पण टायर पार गुळगुळीत झाले होते. नवे टायर घेणं आलं, आणि इथूनच माझी अक्कल कामाला लागली. आमच्या मळ्यापासून सडकेपर्यंत दोन कोस काळी माती. पावसात ती अशी धरते, की पाय उचलला तर वहाण मागे राहते. पुढे अकोल्यापर्यंत पक्की सडक, काही गिट्टीची, काही डांबराची. म्हणजे गाडीला दोन्हीकडे चालायचं होतं.

अकोल्याला स्टेशनजवळ खुशालराव नावाचे गृहस्थ टायर विकायचे. त्यांनी माझ्यापुढे तीन प्रकार मांडले. एक फौजी, मोठमोठ्या गाठींचा, चिखलासाठी. दुसरा उभ्या रेघांचा, सडकेसाठी. तिसरा मधला, थोड्या गाठी आणि थोड्या रेघा असलेला.

"तुमचा रस्ता पाह्यता हा मधला घ्या भाऊ," ते म्हणाले. "चारी एकसारखे."

मी खाली बसलो. बैलबाजारात बैल पाहतो तसे टायर पाहिले. दाबले, ठोकले, वासही घेतला. बैलाचे दात मोजतात, मी गाठी मोजल्या. आणि त्या मधल्याकडे बघून मला हसू आलं. मधला म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. असा बैल कोणी घेतो का?

मी खुशालरावांना माझी युक्ती सांगितली. भारी नांगराला आम्ही दोन जोड्या जुंपतो. नांगराजवळ ताकदीची, अंगानं थोराड जोडी. पुढे हलकी, चपळ जोडी. पुढची वाट काढते, मागची जोर लावते. मग मोटारीला तरी वेगळं काय? मागे थोराड फौजी टायर, काळीसाठी. पुढे रेघांचे, सडकेसाठी. फौजी टायर उंचीला बोटभर जास्त होते, तेही मला पसंत पडलं. मागची जोडी उंच असलेली कधीही चांगली.

खुशालरावांनी हातातला टायर खाली ठेवला. "भाऊ, हे बैल नाई. चारी चाकं एकाच दांड्यानं बांधेल हायेत."

"अन् बैल काय मोकळे रायतेत?" मी विचारलं.

त्यांनी दोन फौजी आणि दोन रेघांचे टायर काढून दिले, आणि मी जिंकलो असं मला वाटलं. आता वाटतं, त्यांना दुकान बंद करायचं होतं.

घरी आल्यावर जयवंता म्हणाली, "एका पायात वाहान अन् दुसऱ्या पायात खडावा घालून कोनी चालते का?" बायकांना मोटारीतलं काय कळतं, असं मी म्हणालो नाही. तोंडावर दाखवलं फक्त.

आता जयवंताच्या जागेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या जागेसाठीच चाललं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अकोल्याच्या वेशीजवळ फुलांचा बाजार भरतो आणि तो बायकांचा असतो. तिथे कडुनिंबाखाली पहिली जागा जयवंताची. तिच्या आधी तिच्या आईची. गिऱ्हाईक वेशीतून आलं की आधी तिथेच थांबतं. या बाजाराचा कायदा एकच. संध्याकाळी वेशीतल्या देवीपुढे दिवा लागतो. त्या वेळी ज्या जागेवर जिचा माल, ती जागा पुढच्या दसऱ्याला तिची. माल नसेल किंवा जागा रिकामी असेल, तर मागे बसलेली पुढे सरकते आणि जिची जागा गेली ती ओळीच्या शेवटी जाते. त्यावर भांडण नाही, रडणं नाही. जयवंताची आई मरायला टेकली तेव्हा पोरीला म्हणाली होती, "निंब सोडू नको." दुसरं काही तिच्याजवळ द्यायला नव्हतंच.

दर वर्षी आम्ही बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारीच बैलबंडी जुंपायचो आणि पहाटेला अकोला गाठायचो. या वर्षी मी म्हणालो, "मोटार असल्यावर कायची घाई? सकाळी निघू, न्याहारीला अकोल्यात." जयवंता नको म्हणत होती. पण मी लहान दांड्यावर हात ठेवून असा काही बोललो, की ती पाट्या मोजायला लागली.

आदल्या दिवशी परतीचा पाऊस येऊन गेला. सकाळी ऊन स्वच्छ, माती मात्र लोण्यासारखी. मागे झेंडूच्या पाट्या रचल्या, पुढे जयवंता बसली, मी देवाचं नाव घेऊन लहान दांडा ओढला आणि गाडी सोडली. मागच्या टायरांनी माती अशी चावली, की मला भरून आलं. पुढच्यांच्या रेघा मात्र चिखलानं भरल्या आणि ते पाटासारखे घसरू लागले. मी स्टिअरिंग डावीकडे वळवायचो आणि गाडी समोर जायची. शेजारच्या पुंजारामच्या कपाशीतून गेलो, एका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून गेलो, पण गेलो. सडकेवर चढलो तेव्हा मी जयवंताकडे बघितलं. तिनं दोन्ही हातांनी पाटी धरली होती.

"पाह्यलं?" मी म्हणालो.

"पाह्यलं," ती म्हणाली.

आता सडक कोरडी होती आणि लहान दांडा पुन्हा जागेवर ढकलायला हवा होता. पण चार बैल चालत असताना दोन का सोडायचे? मी तसाच निघालो. थोड्या वेळानं गाडी जड वाटायला लागली. मग गचके द्यायला लागली, मग खालून कण्हायला लागली, आणि चांगल्या कोरड्या, सपाट, सरकारी सडकेवर उभी राहिली. दांडा ओढला, ढकलला, लाथ मारली, पण तो हलेना. काळीत अडकलो असतो तर काही अब्रू राहिली असती.

मी टायर सोडून सगळ्यांवर संशय घेतला. पेट्रोलात पाणी असेल म्हणालो. प्लग काढून पुसला. पुंजारामच्या बायकोची नजर लागली म्हणालो. तेवढ्यात तेल्हाऱ्याकडची प्रवाशांची सर्व्हिस मोटार आली. टपावर दुसऱ्यांच्या फुलांचे ढीग, आत माणसांवर माणसं. ड्रायव्हर म्हणाला, एक बाई आणि एक पाटी, जास्त नाही.

जयवंता उतरली. एक पाटी तिनं डोक्यावर घेतली.

"एका पाटीनं दिवा लागंपर्यंत कसं होईन?" मी विचारलं.

"तुमी या," ती म्हणाली. "मी बसतो निंबाखाली. तुमी या फक्त."

ती गेली आणि मी पुन्हा प्लग पुसायला लागलो. दुपार कलली. माझ्याभोवती गुराखी जमले, त्यांनी सल्ले दिले, मी त्यांना दांडा दाखवला. शेवटी मला असा राग आला, की एक पुढचा टायर काढून नाल्यात फेकायचं ठरवलं. चाकाखाली जॅक लावला आणि उचललं. चाक जमिनीवरून सुटताच खाडकन आवाज झाला आणि ते आपोआप गर्रकन फिरलं. मी आणि गुराखी सगळेच मागे पळालो. परत येऊन दांड्याला हात लावला, तर तो लोण्यातल्या सुरीसारखा सरकला.

तेव्हा कुठे उजेड पडला. पुढची जोडी लहान, मागची मोठी. एकाच फेऱ्यात मागची जास्त वाट कापणार, पुढची कमी. चिखलात घसरून त्यांचं जमत होतं. सडकेवर घसरायला जागा नव्हती, म्हणून दोघी एकमेकींना ओढत बसल्या होत्या. बैलांची जोडी पाऊल लहानमोठं करून घेते. चाकाला ती अक्कल नसते, आणि ती कोणाला असायला हवी होती, हे मी तिथे बोललो नाही.

आता मागची दोनच चाकं ओढत होती आणि गाडी सुसाट निघाली. फौजी टायर डांबरावर भुंग्यासारखे गुणगुणत होते आणि मी हॉर्न वाजवत होतो. वेशीशी पोचलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता, दिवा लागला नव्हता. गर्दीमुळे गाडी बाहेरच ठेवावी लागली. पाटी उचलावी हे मला सुचलं नाही. आधी जयवंताला सांगायचं होतं की आलो.

ती निंबाखाली बसली होती. पुढे पोत्यावर एकच हार होता. दिवसभर तिनं पाटीतली फुलं चिमटीचिमटीनं विकली होती, आणि तो शेवटचा हार कोणी घेऊ नये म्हणून त्याची भलतीच किंमत सांगत होती. लोक हसून जात होते. हे मला मागच्या जागेवरच्या बेबीताईनं नंतर सांगितलं. जयवंताचे ओठ सुकले होते. मला बघून तिचा चेहरा असा उजळला, की इतकी वर्षं मी त्या चेहऱ्यासाठी काय केलं, असं मला वाटून गेलं.

"आले!" ती म्हणाली. "माल?"

"गाडीत. गाडीभर हाये."

"बसा मंग इथं. मी आडोशाला जाऊन येतो. आल्यापासून उठली नाई मी. हलू नका."

ती गेली. त्या बायकांच्या ओळीत मी एकटाच पुरुष, ऐटीत मांडी घालून बसलो. एवढ्यात अकोल्याचे महादेवराव वकील आले. त्यांनी हार उचलला. "मघाशी बाई याचे भलतेच पैसे सांगत होत्या. मोटारीला घालायला हवा होता."

"तुमच्याकडे मोटार हाये?" मी विचारलं.

"आहे ना. पण टायर खराब झालेत. कोणते घ्यावे समजत नाही."

मला हे असं कोणी आजवर विचारलं नव्हतं. मी गाठी सांगितल्या, रेघा सांगितल्या, मधला कसा उत्तम, चारही एकसारखे कसे हवेत, हे स्वतः शोधून काढल्यासारखं सांगितलं. वकीलसाहेब मान डोलावत होते. "हा हार घेऊन जा साहेब," मी म्हणालो, "आपल्याकडे गाडीभर हायेत. चला, टायरच दाखवतो तुमाले. येताना एक पाटीही आनतो."

मी उठलो. वेशीबाहेर त्यांना चारही टायर दाखवले, लहान दांडाही दाखवला. मग पाटी डोक्यावर घेऊन आलो. देवीपुढे दिवा लागला होता. निंबाखाली बेबीताई बसली होती, पुढे तिची भरलेली टोपली.

"भाऊ, म्या आवाज देल्ला तुमाले," बेबीताई हळू म्हणाली. जागा घेणं तिलाही बरं वाटत नव्हतं. "तिनं दिवसभर इकलं नाई, अन् तुमी आल्याबरोबर इकलं."

जयवंता आली. तिनं बेबीताईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे. मला वाटलं आता ती बोलेल, आणि बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. तिनं आपलं पोतं उचललं, घडी केली, ओळीच्या शेवटी गटाराच्या कडेला नेऊन अंथरलं आणि माझ्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली.

"बाकीच्या आना," ती म्हणाली. मग गिऱ्हाइकाला हाक मारायला लागली.

खुशालरावांकडून मी पुढे मधले टायर घेतले, चारही एकसारखे. काळीत चालतात, सडकेवर चालतात, एकदाही अडकलो नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आता आम्ही सगळ्यांच्या आधी अकोल्याला पोचतो. वेशीजवळ माणूस नसतो, निंबाखालची बेबीताईची जागा रिकामी असते. जयवंता गाडीतून उतरते, त्या जागेसमोरून सरळ पुढे जाते आणि शेवटी गटाराच्या कडेला पोतं अंथरते.