वीजबाबाची दाढी

"आली! आली!" कुणीतरी किंचाळलं आणि अख्ख्या सभागृहाच्या माना तिकडे वळल्या. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ डोकं गच्च धरून डोलत होता. मंचावरच्या मखमली खुर्चीत वीजबाबा प्रसन्न हसला. त्याच्या कॉलरला लावलेल्या माइकमधून त्याचा श्वाससुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येई.

"बघा, बाळांनो! गोळीने करकचून बांधलेला मेंदू मोकळा होतोय! तार जुळली! वरून वीज उतरली!"

बाबाचा धंदा सोपा होता. उदासीवरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या मंचापुढच्या काचेच्या हंडीत ओतायच्या आणि पुन्हा तोंडात घालायच्या नाहीत. काही दिवसांतच डोक्यात झटके सुरू होत. नजर फिरवली की चर्रकन करंट, गरगर, मळमळ, उगाचच रडू. ज्याला झटके जास्त, त्याला खुर्ची पुढची. ज्यांनी जन्मात अशी गोळी घेतली नव्हती, ते बिचारे मागे बसून आपल्या नशिबी वीज नाही म्हणून हळहळत.

एक सलूनवाला असाच आता पहिल्या रांगेत पोचला होता. वडील गेल्यावर त्याला अंथरुणातून उठवत नसे. गोळ्या सुरू झाल्यावर तो पुन्हा माणसात आला, दुकान उघडू लागला. पण बायकोला त्या गोळ्यांची लाज वाटे. "अहो, धडधाकट माणूस तुम्ही. त्या वेडाच्या गोळ्या कसल्या गिळता?" म्हणत तिनेच त्याला इथे ओढून आणलं होतं. आता तिची मान ताठ झाली होती आणि त्याचा हात कापत होता.

शिकाऊ असल्यापासून त्याची एक सवय होती. रोज सकाळी फुग्याला फेस फासायचा आणि त्यावरून वस्तरा फिरवायचा. फुगा शाबूत राहिला तरच गिऱ्हाइकाच्या गळ्याला हात लावायचा. गोळ्या सोडल्यापासून रोज फुगा फुटत होता आणि दुकान बंद होतं. वस्तऱ्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. हात असाच राहिला तर जगायचं कसं, या विचाराने तो हवालदिल झाला होता.

त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर फुलं होती. ती ग्रंथपाल बाईंची. त्या चक्कर येऊन जिन्यावरून कोसळल्या आणि गेल्या. "वीज तिला वर घेऊन गेली," असं बाबाने जाहीर केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई वर नाही, खाली गेल्या होत्या, पण एवढं कळायलाही डोकं जागेवर असावं लागतं.

बाबाचा एक रिवाज होता. ज्याच्या अंगात वीज सगळ्यात जोरात, त्याने मंचावर येऊन आपल्या हुन्नराने बाबाची सेवा करायची. शिंप्याने झगा बेतला होता, चित्रकाराने चित्र काढलं होतं. आज सलूनवाल्याची बायको उठली.

"बाबा, आमच्या ह्यांची वीज फारच जोरात आहे हो! हात बघा कसा थरथरतोय. आज दाढीची सेवा ह्यांच्याकडून घ्या!"

जयघोष झाला. बाबाचं हसू होतं तिथेच सुकलं.

"अगं, बस ना खाली," सलूनवाला कळवळला. पण बायकोने वस्तरा, ब्रश, टॉवेल सगळं पिशवीत भरूनच आणलं होतं, आणि सेवकांनी त्याला मंचावर चढवलंसुद्धा.

त्याने फेस लावला. वस्तरा उघडला. टॉवेलवरून नजर बाबाच्या गळ्याकडे वळवली, तोच डोक्यात झटका बसला आणि पातं लटपटलं.

"बाळा, आज राहू दे," बाबा म्हणाला.

"का हो बाबा?" मागून एक बाई उभी राहिली. ती सलूनवाल्याची मेव्हणी, डॉक्टर. गेला आठवडाभर ती बहिणीला समजावत होती आणि बहीण फोन आपटत होती. "तुमचीच वीज ना? ती तुमचा गळा कशी कापेल?"

"बरोबर आहे! घाबरता काय, बाबा!" लोक उत्साहाने ओरडले.

पातं गळ्याला टेकलं. बाबाने सलूनवाल्याचं मनगट पकडलं आणि दात-ओठ खात कुजबुजला, "मूर्खा, गोळी एकदम सोडली की असंच होतं! आधी जाऊन गोळी खा, मग वस्तरा धर!"

कॉलरवरच्या माइकने ही कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवली.

मेव्हणी मंचावर चढली. "ऐकलंत? मेंदूला औषधाची सवय झालेली असते. ते एकदम काढून घेतलं की तो गडबडतो. झटके, चक्कर, मळमळ, रडू येणं, सगळं त्याचंच. ही वीज नाही आणि वेडही नाही. गोळी कधी न घेतलेल्या एकालाही वीज का आली नाही, हे कुणी विचारलंत का?"

"मग माझी बायको?" फुलांच्या खुर्चीमागून ग्रंथपाल बाईंचा नवरा म्हणाला.

बाबा गालांवरचा फेस तसाच ठेवून मागच्या दाराने पळाला. पूर्वी तो औषधाच्या दुकानात काउंटरवर होता. गोळ्या संपल्या की गिऱ्हाइकं कशी सैरभैर होऊन येतात, हे त्याने पाहून ठेवलं होतं. तरी बाहेर पडताना काही जण म्हणतच होते, "बाबा आपली परीक्षा घेत होते."

सलूनवाल्याची बायको हुंदके देत होती. "ताई, रडून काय होणार? उद्या भाऊजींना माझ्याकडे घेऊन ये," मेव्हणी म्हणाली. सलूनवाल्याकडे वळून तिने सांगितलं, "भाऊजी, गोळी सोडावीशी वाटली यात तुमचं काही चुकलं नाही. पण सोडायची ती हळूहळू कमी करत, आणि मला विचारून."

गोळी अशी हळूहळू सोडायला त्याला पुष्कळ महिने लागले. हल्ली सकाळी फुगा बायको धरते. एखाद्या दिवशी फुटलाच, तर ती वीज म्हणत नाही. दुकानावर "आज बंद"ची पाटी लावते आणि बहिणीला फोन करते.

तेव्हा वाचकहो, गोळी नकोशी झाली तर तसं डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनाने एकदम बंद करू नका. झटके आले, सगळं असह्य झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि त्या झटक्यांना कुणी दैवी शक्ती म्हणू लागला, तर तुमच्या थरथरत्या हातात वस्तरा घ्या आणि त्याला म्हणा, गळा पुढे कर.