उपरण्याखालचा वेस्ता

सुकदेवला घास गिळवत नव्हता. समोर भरताची कढई, कळण्याची भाकर, कांद्याची पात. जळगावच्या पोरांचा हा ‘नाना’, त्यांचा प्रशिक्षक, संघ घेऊन सामन्याला आला होता, आणि धुळ्याच्या अभिमन आबांनी मळ्यात पाहुणचाराला काही कमी ठेवलं नव्हतं. पण सुकदेवचं सगळं लक्ष पंगतीच्या टोकाला बसलेल्या वेस्तावर होतं. वेस्ता मान खाली घालून मजेत जेवत होता. त्याला कशाचा पत्ता नव्हता.

एकोणनव्वद सालचा तो शेवटचा दिवस. बास्केटबॉल संघटनेचा नियम असा, की ज्या खेळाडूची कराराची मुदत संपली तो नव्या वर्षापासून मोकळा. वाटेल त्या क्लबात जावं, जुन्या क्लबाच्या हाती धुपाटणं. त्याआधी दोन क्लबांनी आपसात अदलाबदल केली, तर बदललेला गडी नव्या जागी तीन वर्षं बांधला जाई. म्हणून डिसेंबर सरता सरता सगळ्यांनाच घाई सुटायची. ज्याचा गडी निसटायच्या बेतात, त्याचाच अशा सौद्यात खरा फायदा, हे जळगावात पानटपरीवालाही सांगे. फक्त खेळाडूला विचारायची पद्धत नव्हती. बैलाला कोण विचारतं?

वेस्ताची मुदत आज संपत होती. चाळीसगावचा एक माणूस नोकरीचं आमिष घेऊन त्याला दोनदा भेटून गेला, असं सुकदेवच्या कानावर आलं होतं. रावेरला केळीचे घड ट्रकवर फेकणारा हा सातपुड्याच्या पायथ्याचा उंच पोरगा सुकदेवनंच मैदानावर आणला, स्वतःच्या घरी ठेवला, घडवला. तोच उद्या फुकटात जाणार? या विचारानं सुकदेव आठवडाभर जळत होता. सकाळी एस.टी.त दोघं शेजारी बसून आले. ‘जाणार आहेस का रे?’ एवढंच विचारायचं होतं. पण ‘हो’ म्हणाला तर, या धास्तीनं सुकदेवचं तोंड उघडलं नाही.

जेवणं झाली. अभिमन आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. आबा मूळचे बैलबाजारातले दलाल. धुळ्याच्या क्लबाचे अध्यक्ष झाले तरी सौदा तसाच करायचे. उपरण्याखाली हातात हात, बोटं दाबून बोलणी, उपरणं हातावर आहे तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही, आणि उपरणं उठलं की सौदा पक्का. सुकदेवचा बापही बाजारात बसायचा, त्यामुळे ही रीत त्याच्या रक्तातच होती.

आबांनी आधी सुकदेवचं एक बोट दाबलं, मग दोन. एका वेस्ताच्या बदल्यात दोन. आबांनी सकाळीच सुचवलेले धुळ्याचे पुना आणि वना, दोघंही तरणेबांड, दोघांची मुदत बाकी. वेस्ता हात धुऊन आला आणि समोरच उकिडवा बसला. अजूनही विचारता आलं असतं. हात काढून घ्यायचा, सौदा मोडायचा, आबांचा रुसवा पत्करायचा आणि विचारायचं. सुकदेवनं डोळे मिटले आणि आबांचा पंजा घट्ट दाबला.

उपरणं उठलं. आबांनी हसत सगळ्यांना सौदा सांगितला. जळगावची पोरं ओरडली, “चांदी झाली, नाना!”

वेस्ता उभा राहिला. चेहरा पार उतरला होता. “नाना, त्या चाळीसगाववालाले मी परवाच नही म्हनी दिधं.”

“मंग माले सांगं काब्र नही?”

“तुम्हीन इचारं नही, नाना. माले वाटनं, तुमले माहीत शे.”

सुकदेव गयावया करत आबांकडे वळला. आबांनी उपरणं खांद्यावर टाकलं. “उपरनं उठनं, सौदा व्हयी गया. आते बोलनं नही.”

आणि सुकदेव खरंच बोलला नाही. तिथंच त्याची मला चीड येते. रीत मोडायची लाज वाटली गड्याला, माणूस मोडायची नाही!

संध्याकाळी मैत्रीचा सामना झाला. वेस्ता धुळ्याच्या बनियनमध्ये मेल्यासारखा खेळत होता. पुना मात्र आता जळगावकडून जीव तोडत होता. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. पुना चेंडू घेऊन थेट बास्केटखाली घुसला. तिथं वेस्ता खांदे पाडून उभा.

“वेस्ता, हात वर!” सुकदेव जळगावच्या बाकावरून सवयीनं कडाडला.

वेस्ताचे हात गेले वर. पुनाचा चेंडू अडला, धुळ्याकडे गेला आणि पलीकडच्या बास्केटात पडला. शिट्टी वाजली. सुकदेव उभा राहून टाळ्या पिटत होता. शेजारची जळगावची पोरं त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा कुठं त्याचे हात थांबले.

वेस्ता हसत हसत सुकदेवच्याच बाकाकडे धावत निघाला होता. अर्ध्या मैदानात त्याला आठवलं. तो थबकला, त्यानं बनियनच्या कडेनं तोंड पुसलं आणि धुळ्याच्या घोळक्याकडे वळला. सुकदेव मटकन खाली बसला आणि पोरांदेखत रडू लागला.