जेवणघरातली बारावी खुर्ची

परळच्या भोईवाड्यातल्या परबांच्या खोलीत शिरलं की पहिली दिसायची ती सुलोचना. आता सुलोचना जाऊन सव्वीस वर्षं झाली होती, तेव्हा दिसायचा तो तिचा फोटो. पण फोटोच असा की येणारा माणूस आधी त्याच्यासमोर नीट उभा राहायचा आणि मग चपला काढायचा. अंगात काळा झगा, हातात पदवीची सुरळी, चेहऱ्यावर आम्ही काय ते समजून चुकलोय असा भाव. महादेव परबांची ही पहिली बायको गिरगावातली आणि बीए. त्या काळी अख्ख्या मजल्यावर मॅट्रिकच्या पुढे गेलेलं माणूस औषधालासुद्धा नव्हतं, त्यामुळे मजल्यानं तिची बीए स्वतःची असल्यासारखी मिरवली. मुलगी मेघना तीन वर्षांची असताना सुलोचना तापानं गेली, आणि दोन वर्षांनी कणकवलीकडून दमयंती आली. आठवी पास. उंबऱ्यावरचं माप ओलांडते न ओलांडते तोच कुणीतरी म्हणालं, "पयली बीए होती हां."

मेघनानं तिला आठवड्याच्या आत आई म्हणायला सुरुवात केली, त्याबद्दल दमयंतीची तक्रार नव्हती. नवराही वाईट नव्हता. फक्त बँकेचा फॉर्म आला, लाइट बिल चुकलं, नळ गळायला लागला, की महादेव उसासा टाकून म्हणायचा, सुलोचना असती तर. आता नळाचा आणि बीएचा काय संबंध? पण चोवीस वर्षं रोज कानावर पडलं की माणसाला वाटायला लागतं, असेल बाबा संबंध.

म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी दमयंतीनं मोठ्या माणसांना घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठात नाव घातलं. कुणाला कारण सांगितलं नाही. पूर्वतयारीची परीक्षा दिली, मग इतिहास काढला, समाजशास्त्र काढलं, पर्यावरणसुद्धा काढलं. अडकली ती 'इंग्रजी साहित्याचा परिचय' या विषयाच्या तोंडी परीक्षेत. गेल्या वर्षी गाईडमधलं उत्तर पाठ करून गेली, दुसऱ्या वाक्याला गाडी रुतली आणि नापास होऊन आली. यंदा शेवटची संधी. नोंदणीची मुदत संपत होती, हुकलं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून, आणि एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा करायची हिंमत तिच्यात नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अभ्यासाला लावली होती एक जुनी इंग्रजी भुतांची कादंबरी, मराठी अनुवादात. थंड मुलूख, कड्यावरचा भलामोठा बंगला, त्याचा घुम्या मालक आणि त्याची नवी, दुसरी बायको. जेवणघरात बारा खुर्च्यांचं टेबल. रोज संध्याकाळी ताटं मांडली की टेबलाच्या टोकाची बारावी खुर्ची आपोआप मागे सरकते. नोकर ती ढकलून ठेवतात, ती पुन्हा सरकते. मेलेल्या पहिल्या बायकोची जागा ती. नवीचा थरकाप उडतो, ती दिवसेंदिवस वाळत जाते, शेवटी मालक खुर्ची जमिनीला खिळे मारून ठोकतो आणि नवीला उचलून माहेरी न्यावं लागतं. दोनशे एकाहत्तर पानं.

मेघना नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी आईची उजळणी घ्यायची. गॉथिक म्हणजे पडका वाडा, बंद खोली, वादळ आणि दडपलेली भीती. पहिली पत्नी हे नायकाच्या अपराधी मनाचं प्रतीक. खुर्ची हे रिकाम्या सत्तास्थानाचं प्रतीक. दमयंती भाजी निवडता निवडता म्हणून दाखवायची आणि "सत्तास्थान" आलं की तिची जीभ अडखळायची. तिला मनातून सगळं थोतांड वाटत होतं. बाई मेली, घरात वावरते, तेही नेमकी जेवणाच्या वेळेला. यात प्रतीक कसलं आलंय? बाई उपाशी आहे. वर्षाकाठी तिच्या नावानं कुणी पान वाढलंय का त्या घरात? तिनं तसं बोलूनही दाखवलं. मेघनानं कपाळाला हात लावून सांगितलं की आई, परीक्षकासमोर यातला एक शब्दही काढू नकोस.

आणि गंमत बघा, परीक्षेची तारीख आली ती नेमकी पितृपक्षातल्या अविधवा नवमीची. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. दमयंतीनं सुलोचनेची नवमी चोवीस वर्षांत एकदाही चुकवली नव्हती. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, खीर, आणि सुलोचनेला आवडायचा म्हणून शिकून घेतलेला नारळीभात. मेघना म्हणाली, एवढ्या वर्षी राहू दे, आई, ती समजून घेईल. दमयंतीनं पिठाचे हात तसेच थांबवले. "ती बीए हा," ती म्हणाली. "आजच्या दिवशीच तिका रागवून चालात?"

परीक्षा दोन वाजता दादरला. म्हणून सवाष्ण साडेअकरालाच बसवली. सवाष्ण म्हणजे शेजारच्या कुशाबांची गंगुबाई, गेली चौदा वर्षं हीच. वय सत्तरीचं, गुडघे कामातून गेलेले, पण भूक शाबूत. पाटावर बसणं आता जमेना, म्हणून दमयंतीनं टेबलाची खुर्ची ओढून दिली. मेघनानं हौसेनं आणलेलं ते चार खुर्च्यांचं टेबल. एक महादेवची, एक मेघनाची, एक पाहुण्यांची. चौथी सुलोचनेच्या फोटोखाली, आणि तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. दमयंती जेवायची ती सगळ्यांचं आटपल्यावर, ओट्याला टेकून, उभ्यानं. गंगुबाईनं नऊ वडे खाल्ले, दहाव्याला नको म्हणत घेतला आणि वर ऐकवलं की वाटाणे अंमळ टणक राहिलेत. मग महादेव जेवला. घड्याळात सव्वा वाजला होता. दमयंतीनं साडी बदलली, फोटोला हात जोडले आणि पुस्तक पिशवीत टाकून पळाली.

परीक्षक बाहेरून आलेले. उन्मेष सर म्हणून पस्तिशीचा तरुण, गॉथिक कादंबरीवरच डॉक्टरेट केलेला. सकाळपासून तीसेक जणांच्या तोंडून एकाच गाईडचं उत्तर ऐकून त्याचा चेहरा आंबला होता. त्यानं वर न बघताच विचारलं, खुर्ची कशाचं प्रतीक आहे.

"खुर्ची हे रिकाम्या," दमयंती म्हणाली, आणि झालं. पुढचा शब्द गेला तो गेलाच. तिनं छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, कुलदैवताला हाक मारली. सरांनी पेन उचललं. आता हा भोपळा काढणार हे तिला स्पष्ट दिसलं. सहा वर्षं पाण्यात. मग जायचंच आहे तर खरं बोलून जाऊ, असं म्हणून तिनं पदर खोचला.

"खुर्ची खुर्चीच आहे, सर. त्या बाईला भूक लागलीय."

सरांनी पहिल्यांदा वर पाहिलं. तिनं मग सुरुवातच केली. अविधवा नवमी सांगितली, सवाष्ण सांगितली, वड्यांचं पीठ कितपत घट्ट हवं तेही सांगून टाकलं. त्या बंगल्यात तीन नोकर आणि एक आचारी, पण मेलेल्या मालकिणीच्या नावानं कुणी कावळ्यालासुद्धा घास ठेवला नाही, मग ती येणार नाही तर काय करणार? सरांचा आंबलेला चेहरा हळूहळू सैल झाला. हे त्यांनी डॉक्टरेटच्या चार वर्षांत कुठे वाचलं नव्हतं. पण माणूस कसलेला. त्यांनी शांतपणे विचारलं की भूक लागलेली बाई खुर्ची मागे ओढते, मान्य. पण मग ती बसायला हवी. ती बसली, जेवली, घास कमी झाला, असं पुस्तकात कुठे आहे? दाखवा.

दमयंतीनं पुस्तक उघडलं. जेवणाच्या सगळ्या प्रसंगांना तिनं खुणा घातल्या होत्या, काही पानांवर हळदीची बोटंही होती. एक पाहिला, दुसरा पाहिला, सातच्या सात पाहिले. खुर्ची सरकते. कुणी बसत नाही. पहिल्या बायकोनं अख्ख्या पुस्तकात शिताला हात लावला नव्हता. तिचं सगळं म्हणणं जागच्या जागी कोसळलं. सर वाट पाहत होते. आणि त्या शांततेत दमयंतीच्या पोटात कावळे कोकलले, ते चांगले टेबलापलीकडे ऐकू गेले.

सर जरा अवघडले. "तुम्ही जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. सगळ्यांना वाढता वाढता राहिलं."

बोलून गेली आणि तिचा हात पानावर थबकला. सकाळी गंगुबाईसाठी खुर्ची कुणी ओढली? तिनं. ती बसली का तिच्यावर? नाही. ज्याला बसायचं तो खुर्ची ओढतो आणि बसतो. ओढून जो बाजूला होतो, तो दुसऱ्याला बसवत असतो. तिनं घाईघाईनं सातही प्रसंग पुन्हा चाळले, पण आता नवीच्या बाजूनं. मालक बोलला म्हणून घास टाकून उठली. दाराचा आवाज झाला म्हणून उठली. नोकराला हाक मारायला उठली. दुसऱ्या बायकोनं दोनशे एकाहत्तर पानांत एकदासुद्धा धड जेवण केलं नव्हतं. गाईड म्हणत होतं, ती भयानं खंगली. कसलं भय घेऊन बसलात.

"सर, माझं चुकलं," ती म्हणाली, आणि तिची शुद्ध मराठी पार सुटली. "पयली उपाशी नाय. ही दुसरी उपाशी हा, आणि ता घरात एकट्या पयलीक दिसता. ती खुर्ची स्वतःसाठी ओढना नाय. ती हिका सांगता, बस गो बाय, जेव आधी."

सरांनी तिचं पुस्तक मागून घेतलं, हळदीच्या पानांवरून स्वतः सातही प्रसंग वाचले, परत दिलं आणि म्हणाले, "तुम्ही जा आता. आणि घरी जाऊन जेवा."

दमयंती पायीच परळला आली. वाटेत तिला रडू यायला लागलं, कशाचं ते कळेना. चोवीस वर्षं ती त्या फोटोला टरकून होती. ती आपल्याला जोखते, आपली आठवी मोजते, असंच समजून चालली होती. म्हणजे आपण तिला घाबरून वाढत राहिलो, आणि ती बिचारी वरून बघत होती की ही बया जेवते कधी. तिला स्वतःचाच भयंकर राग आला आणि सुलोचनेची फार माया आली.

घरी महादेव पेपर वाचत होता. काय झालं म्हणून त्यानं विचारलं. ती म्हणाली, ठाऊक नाय. मग तिनं चौथ्या खुर्चीवरचा इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग उचलला, त्याच्या मांडीवर ठेवला, फोटोखालची खुर्ची ओढली आणि बसली. आज तुमी वाढा, म्हणाली. महादेवला आधी वाटलं, हिची परीक्षा फारच वाईट गेली. तो उठला. पळी कुठे असते हे त्याला माहीत नव्हतं, आणि सुलोचना असती तर, एवढं त्याच्या ओठांवर आलंसुद्धा. पण फोटोखाली बसलेल्या बायकोकडे बघून त्यानं ते गिळलं आणि गार वडे वाढले. दमयंतीनं पाच खाल्ले. वाटाणे खरंच टणक राहिले होते.

निकाल दीड महिन्यानं लागला. तोंडी परीक्षेत विसांपैकी सतरा. मेघना नाचली, गंगुबाईनं आपल्या जेवणाचा पायगुण म्हणून श्रेय घेतलं, मजल्यावर पेढे फिरले. पदवीचा झगा घालून दमयंतीनं फोटो काढला. तो मोठा करून, चौकट करून आला तेव्हा महादेव हातोडी घेऊन तयारच होता. सुलोचनेच्या शेजारी, एका रेषेत, असं त्याचं आधीच ठरलं होतं. तो खिळा तोंडात धरून आला तेव्हा दमयंती जेवत होती.

"ऊठ जरा," तो म्हणाला, "खुर्ची दे, वर चढायचंय."

दमयंतीनं वर सुलोचनेकडे पाहिलं, मग भातात आमटी कालवली.

"स्टूल घेवा," ती म्हणाली. "ही खुर्ची माझी हा."