बामियानची हवाई छत्री नवागामात

मित्रांनो, मी एक जुनी हवाई छत्री आहे. तुम्ही मला पॅरॅशूट म्हणाल. म्हणा बापडे! मला मात्र छत्रीच म्हटलेलं आवडतं. माझं वय विचारू नका. चाळिशी कधीच उलटली, पण माझी एक जरी शिवण उसवलेली दाखवलीत ना, तर नाव बदलून ठेवा.

माझा जन्म तेव्हाच्या सोव्हिएत रशियात झाला. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकांनी गप्पा मारत मारत मला शिवलं. मला वाटलं, आपण आता एखाद्या शूर वैमानिकाला अलगद जमिनीवर उतरवणार. कसलं काय! माझ्या दोऱ्यांना बांधली एक लाकडी पेटी, आणि तिच्यात मटणाचे डबे आणि बूट. मी निघाले सामानाची छत्री! चार दिवस मी रुसूनच बसले होते.

त्या वेळी अफगाणिस्तानात युद्ध पेटलं होतं. रशियाचं सैन्य तिथल्या सरकारच्या बाजूने लढत होतं. आम्ही धर्मासाठी आणि मुलखासाठी लढतो, असं म्हणणारे मुजाहिदीन डोंगरात लपून त्या सैन्यावर छापे घालत होते. त्यांना बंदुका पुरवायला अमेरिका उभी होती. दोन्ही बलाढ्य देश एकमेकांच्या अंगाला बोटही लावत नव्हते. भांडण त्यांचं, आणि अंगण मात्र तिसऱ्याचं.

एके दिवशी बामियान नावाच्या खोऱ्यावर मला विमानातून ढकलून दिलं. खाली सरकारी चौकीतले शिपाई पेटीची वाट बघत होते. मी उघडले, आणि अहाहा, काय तो वारा! मी इतकी हरखले की चौकी राहिली बाजूलाच. वाऱ्याने मला टेकडीपलीकडे नेलं आणि मी नेमकी मुजाहिदीनांच्या पुढ्यात जाऊन उतरले.

खुदादाद नावाचा तरणाबांड लढवय्या सगळ्यांत आधी धावत आला. त्याच्या खांद्यावर अमेरिकेने धाडलेली बंदूक होती. आता रशियाचे बूटही मिळाले. पाय तेवढे त्याचे स्वतःचे होते, आणि ते थंडीने फुटलेले होते. बूट चढवून तो बर्फात असा काही नाचला की त्याचे सोबती पोट धरधरून हसले. मग मला गुंडाळून त्याने घरी नेलं.

त्याचं घर म्हणजे कड्यातली एक गुहा. तिच्या बाजूलाच कड्यात कोरलेली बुद्धाची भलीमोठी मूर्ती उभी होती. खुदादादच्या बायकोने मला गुहेच्या तोंडाला पडदा म्हणून टांगलं. बाहेर बर्फ, आत चूल आणि पोरांचा कलकलाट. सकाळी मला बाजूला सारलं की पहिलं दर्शन त्या शेजाऱ्याचं. मूर्तीचा चेहरा फार पूर्वीच कुणीतरी छाटून टाकलेला. पोरं विचारायची, "आई, यांचं तोंड कुठे गेलं?" ती म्हणायची, "तुम्हाला आवडेल ते बसवा आणि गप जेवा." फार मजेचे दिवस होते ते.

पुढे रशियाचं सैन्य परत गेलं. अमेरिकेचंही लक्ष उडालं. बंदुका मात्र कुणीच परत नेल्या नाहीत. मग आपसांतच लढाया झाल्या, मग तालिबान आले. खुदादादच्या कुटुंबाने मला गाठोड्याभोवती बांधलं आणि सगळे डोंगरापलीकडे पळाले. मागे तालिबानने ती मूर्ती सुरुंगाने उडवली. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. पण माझी गोष्ट रडकी नाही, तेव्हा पुढे चला.

खुदादादचा नातू फर्दीन शिकायला सुरतेला आला, तेव्हा त्याची पुस्तकं आणि रजई आजोबांनी माझ्यातच बांधून दिली. त्याचं शिक्षण संपत आलं आणि तिकडे राज्यच पालटलं, तालिबान परत आले. परत जायची सोय उरली नाही. सुरतेजवळच कडोदऱ्याला साड्यांची डिझाइनं काढायची नोकरी मिळाली, पण वसतिगृह शनिवारी सोडायचं होतं आणि खोली काही मिळेना. नाव सांगेपर्यंत लोक हसून बोलायचे. देश सांगितला की रिकामी खोली अचानक भरलेली निघायची! शुक्रवारी दुपारी मला पाठीवर टाकून तो सुरतेच्याच नवागामात, मराठी वस्तीत आला. ही शेवटचीच आशा होती.

घर केशरबाईंचं होतं. त्यांचे यजमान रामजी चाळीस वर्षं कापडाचा लूम चालवून आता घरी बसले होते. बौद्ध कुटुंब. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची.

"गाव कोणतं रे बाबा तुझं?" केशरबाईंनी विचारलं.

"बामियान, माँजी."

त्या एकदम ताठ झाल्या. "आपल्या बुद्धाची मूर्ती उडवली, तेच का?"

"हाँ माँजी. वही."

"टीव्हीवर दाखवलं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. नाही बाबा, खोली नाही द्यायची."

"माँजी, जिन्होंने मूर्ती तोड़ी, उन्होंने हमारा घर भी तोड़ा," फर्दीन म्हणाला. पण केशरबाई पाठ फिरवून आत निघाल्या होत्या.

मला असा संताप आला म्हणून सांगू! अहो, मी स्वतः त्या मूर्तीच्या शेजारी राहिलेली! साक्षीदार दारात बसलाय आणि त्याला बोलता येत नाही. काय उपयोग माझ्या एवढ्या आकाराचा?

तेवढ्यात रामजींची बोटं माझ्यावर पडली. कापड दिसलं की विणकराचा हात त्याला लागणारच, त्याला इलाज नाही. त्यांनी माझा कोपरा चिमटीत धरला, ताणला, उजेडाकडे केला. मग कोनाड्यातलं भिंग आणून धागे मोजू लागले.

"केशर, थांब गं जरा! पोरा, चालीस साल लूम चलाया, ऐसा माल नहीं देखा. खोल, खोल!"

फर्दीनने गाठ सोडली आणि चौकात नेमका वारा सुटला. मग काय विचारता! मी फुगले, पसरले, तीन सायकली झाकल्या आणि शेजारच्या भाईदासची भज्यांची गाडीही.

"अरे, माझी भजी!" भाईदास आतून ओरडला. सगळी गल्ली हसत मला धरायला धावली. इतकी मजा मला विमानातून पडतानाही आली नव्हती.

रामजी मात्र माझी जाड किनार उलगडून शिवण बघत होते. आतून चिमूटभर पिवळट माती खाली पडली.

"हे काय?"

"बामियान की मिट्टी," फर्दीन म्हणाला. "ये हमारी गुफा का परदा था. दादी बोलती थी, परदा हटाओ तो बाजू में बुद्ध के पाँव."

उंबऱ्यात उभ्या असलेल्या केशरबाई परत आल्या. खाली बसून त्यांनी ती माती तळहातावर घेतली.

"आता मातीची पूजा मांडतेस काय? आपल्यात चालत नाही," रामजींनी चिडवलं.

"पूजा कोण करतंय? बघते नुसती." मग त्यांनी फर्दीनला विचारलं, "तुमच्यात मूर्ती चालत नाही ना? मग एवढी मोठी मूर्ती शेजारी, तुझ्या आजीला काही वाटायचं नाही?"

"दादी तो झगड़ती थी उनसे! कपड़े सुखाने होते थे ना. कहती थी, ज़रा हटो, सारी धूप आप ही खा जाते हो!"

केशरबाई खळखळून हसल्या, हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. "अगं बाई! बुद्धालाच सरक म्हणायची?"

"रोज़, माँजी."

"मीही तेच म्हटलं असतं. जा, वरची खोली झाडलेली आहे. आणि जेवायला खाली ये, भाकरी जमते ना?"

मित्रांनो, तेव्हापासून मी नवागामात आहे. पहिल्याच बुद्धपौर्णिमेला चौकात उन्हाचा कहर होता. मांडवाला कापड म्हणून मला काढलं. पण चौकाच्या मधोमध ध्वजाचा खांब! मांडव बांधणारा योगराज कात्री घेऊन पुढे आला. "कात्री लावशील तर याद राख!" केशरबाई गरजल्या. हवाई छत्रीच्या डोक्याला वारा जायला एक गोल भोक असतं. ते रामजींनी बरोबर हेरलं, आणि ध्वज चढवण्याआधी त्या भोकात खांब ओवून मला अलगद खाली उतरवलं. माझ्या सावलीत अख्खी गल्ली बसली. त्रिशरण झालं, खीर झाली, आणि खीर वाढायला फर्दीन! त्याने भाईदासला तीनदा वाढली.

मला उन्हात फार वेळ ठेवू नका, ओली घडी घालू नका, उंदरांपासून जपा, एवढीच माझी स्वतःसाठी मागणी. दुसरी मागणी तुमच्याकडे. मला विमानातून टाकणाऱ्यांनी खाली कोण राहतं याची कधी चौकशी केली नाही. तुम्ही करा. दारात उभ्या असलेल्या माणसाने लांबच्या गावाचं नाव सांगितलं की तिथली बातमी तुम्हाला आठवेलच. पण दार लावण्याआधी त्याला एवढं नक्की विचारा की, बाबा रे, तुझी आजी कशावरून भांडायची?